कोणाच्या पोटात दुखतंय?

दयाराम केणीच्या पोटात दुखत होतं. अगदी खरोखरचं दुखत होतं, आणि हीच तर पंचाईत होती.

आता पोट काय, कुणाचंही दुखतं. चिमूटभर ओवा चघळावा, कुशीवर पडावं, नाहीच राहिलं तर नवीन पनवेलला जाऊन डॉक्टरला दाखवावं. त्यात लपवण्यासारखं काय आहे, असं तुम्ही म्हणाल. तुमचं बरोबर आहे, पण तुमच्या दारासमोर जगन केणीचा बंगला नाही.

जगन म्हणजे दयारामचा चुलत भाऊ. एका ताटात जेवून वाढलेले दोघं, म्हणून सगळा कारभार अरे-तुरेचा. सुकापुरात त्यांची घरं समोरासमोर. आजूबाजूला इमारती उठायला लागल्या तेव्हा दोघांच्याही शेतजमिनी बिल्डरकडे गेल्या. दयारामनं जुनं कौलारू घर नीट करून घेतलं, ओटीला नवी फरशी घातली आणि हात झटकले. संध्याकाळी निम्मी आळी त्या ओटीवर गप्पा हाणायला जमायची. जगननं मात्र घर पाडून तीन मजली बंगला ठोकला. रंग गुलाबी. गच्चीच्या कोपऱ्यांवर सिमेंटचे सिंह, आणि सगळ्या सिंहांची तोंडं, देव जाणे का, दयारामच्या ओटीकडे. शिवाय आत लिफ्ट! राहणार नवरा-बायको दोघं, आणि लिफ्ट! वास्तुशांतीच्या दिवशी जगनच्या बायकोनं, चंद्रावतीनं, एकेका पाहुण्याला धरून लिफ्टमधून वरखाली फिरवलं. दयारामला दोनदा.

दुसऱ्या दिवसापासून दयारामच्या बेंबीच्या वर कळ यायला लागली.

अशा वेळी ‘माझ्या पोटात दुखतंय’ असं तो नुसता पुटपुटला असता, तरी पुढचं सांगायलाच नको. ‘जगननं बंगला बांधला नि दयारामच्या पोटात दुखतंय’ ही बातमी चहा निवायच्या आत आळीभर झाली असती आणि दिवस मावळायच्या आत उलव्याच्या व्याह्यांकडे पोचली असती. खरं सांगायचं तर त्या लिफ्टचं दयारामला वाईट वाटलं होतंच. चांगलंच वाईट वाटलं होतं. पण ते त्याचं त्याला माहीत. गावाला कशाला कळायला हवं?

“काय झाला वो तुमाला? कालधरनं वाकून चालताय,” बायकोनं, शांतीनं, विचारलं.

“कंबर,” दयाराम म्हणाला. “कंबरेत उसण भरली.”

इथंच तो फसला. शांतीला कुणाचं काही दुखतंय एवढं कळायचा अवकाश, की ती पदर खोचून उभी. तिनं तिळाचं तेल चोळलं, तापलेल्या विटेनं शेकलं, आणि तेवढ्यावर न थांबता नवीन पनवेलहून कमरेचा रुंद पट्टा आणून करकचून आवळला. पट्टा कमरेला आधार देत होता आणि पोटाचा जीव घेत होता. दयारामला धड वाकता येईना की धड हसता येईना. लोक म्हणायला लागले, “दयारामशेट हल्ली कसे ताठ चालतात, नाय?”

अशातच एका सकाळी कोमल नावाची मुलगी ओटीच्या पायरीवर येऊन उभी राहिली. गळ्यात ओळखपत्र, हातात फाईल, खांद्याला पाण्याची बाटली. नवीन पनवेलची मुलगी, कॉलेजात शेवटच्या वर्षाला, प्रबंधासाठी सर्व्हे करत होती. ओटीवर त्या वेळी शांती होती, पट्ट्यासकट दयाराम होता, आणि वडे नि वालाचं बिरडं घेऊन आलेली चंद्रावतीही होती.

“काका, थोडा वेळ आहे का? आमचं रिसर्च आहे. आतडी आणि मन यांच्या कनेक्शनवर.”

“कसला कनेक्शन? लाइटचा?” शांतीनं विचारलं.

“नाही मावशी. म्हणजे बघा, आपल्या आतड्यांचं आणि मेंदूचं आपसात सतत बोलणं चालू असतं. मनाला काही लागलं, कशाचा त्रास झाला, की पोट लगेच तक्रार करतं. आणि पोट बिघडलं की मनही बिघडतं. बाहेरच्या देशांत आता यावर खूप काम चाललंय.”

“म्हंजे कुनाचा काय खुपला तर पोटात दुखतं?” चंद्रावतीनं डोळे बारीक केले. “हा शास्त्रात आलाय?”

“हो, म्हणजे अगदी ढोबळपणे…”

“बघ गं शांते, परदेशात पन कळला!”

दयारामला दरदरून घाम फुटला. आजवर निदान हे फक्त गावचं बोलणं होतं. आता साता समुद्रापलीकडचे डॉक्टरसुद्धा चंद्रावतीच्या बाजूनं झाले म्हणजे कठीणच.

“तर पहिला प्रश्न, काका,” कोमलनं पेन उघडलं. “गेल्या महिन्याभरात तुमच्या पोटात दुखलं का?”

शांती नवऱ्याकडे बघायला लागली. चंद्रावती तर वडे विसरून पुढं सरकली.

“माज्या?” दयारामचा आवाज चढला. “माज्या पोटात कशाला दुखंल? देवानं ज्याला दिला त्याला दिला!”

“नाही काका, तसं नाही. साधं विचारतेय. जेवल्यावर वगैरे…”

“जेवल्यावर नाय, जेवायच्या आदी नाय, बंगल्याच्या आदी नाय नि बंगल्याच्या नंतर तर आजिबात नाय!”

कोमल बावरली. तिनं ‘कधीच नाही’ या चौकटीत खूण केली.

“आनि आमच्या ह्यांच्या पन नाय हो,” चंद्रावती घाईघाईनं म्हणाली. तिला कुणी विचारलंच नव्हतं. “जगन केणी. लिहून घे. घरात बसूनच असतात, पन पोटात दुखत नाय त्यांच्या.” मग तिनं बिरड्याचं भांडं दयारामपुढं सरकवलं. “दुखत नाय ना भावजी? मग घ्या, खा पोटभर.”

दयारामनं खाल्लं. वाल खाल्ले, वडे खाल्ले, वर हसूनही दाखवलं. पट्ट्याची कडी तेवढी एकदा करकरली.

कोमल आधी समोर जगनकडं गेली, मग आळीत पुढं, आणि जिथं गेली तिथं हेच. सुकापुरात त्या वर्षी कुणी नवा मजला चढवलेला, कुणी पहिली मोटार घेतलेली. ज्याच्या त्याच्या दारासमोर दुसऱ्या कुणाचं तरी काहीतरी चकाकत होतं. अशा गावात दारात उभं राहून ‘तुमच्या पोटात दुखतं का’ विचारणं म्हणजे चोराला सगळ्यांदेखत खिसा उलटा करायला सांगण्यासारखं. वेणूआजी तर काठी आपटून म्हणाली, “माज्या पोटात दुखायला मी काय कुनाच्या सुनेला शिरा खाताना बघतंय?”

गुणाबाईनं मात्र मदत करायची तयारी दाखवली. “माज्या नाय. पन समोरच्या काशीरामच्या पोटात मरनाचा दुखतं. त्याचा लिही.”

“ज्याचं त्यानंच सांगावं लागतं, मावशी. दुसऱ्याचं लिहिता येत नाही.”

“मग खरा कसा कळनार तुला? कसला अभ्यास करतेस गं!”

तेवढ्यात समोरून काशीराम बनियनवर बाहेर आला. “कोन बोलला माज्या पोटात दुखतं?” कोमलनं घाईनं त्याच्याही नावापुढं ‘कधीच नाही’ लिहिलं, बाटलीतलं उरलेलं पाणी प्यायली आणि रिक्षा पकडली.

कॉलेजात तिच्या सरांनी सगळे कागद चाळले. आधी म्हणाले, “अशक्य.” पुन्हा चाळले आणि म्हणाले, “अद्भुत!” दुसरा एखादा म्हणाला असता, बाई गं, जरा आपला प्रश्न तपासून बघ. पण सर कितीतरी वर्षं एका मोठ्या शोधाची वाट बघत होते, आणि तो आता आपल्या पायांनी चालत टेबलापर्यंत आला होता.

“अख्ख्या आळीत एकाचंही पोट दुखत नाही! कोमल, हे लोक खातात काय?”

“मासे, भात, भाकरी. आपण खातो तेच, सर. वेणूआजी म्हणून एक आहेत, त्या सकाळी रात्रीचा भात पाण्यात कालवून खातात.”

“शिळा? आंबलेला? अगं, त्यात जंतू असतात! चांगले जंतू!”

“पण सर, एकट्या वेणूआजीच खातात. बाकीचे नाही म्हणाले.”

“बाकीचे लाजून कबूल करत नसतील,” सर म्हणाले.

म्हणजे गंमत बघा. पोटाचं जे सांगितलं त्यावर सरांनी डोळे मिटून विश्वास ठेवला, आणि माणसं खरं बोलली फक्त भाताबद्दल, तर त्यावर त्यांना नेमका संशय आला. कोमलनं ‘पण सर’ असं आणखी दोनचारदा म्हणून बघितलं. मग मार्क त्यांच्याच हातात आहेत हे आठवून ती गप्प बसली.

आठवड्याभरात गावच्या साप्ताहिकात पहिल्या पानावर छापून आलं, ‘सुकापुरात पोटदुखी नाही! शिळ्या भाताची किमया, मनही राहते शांत.’ खाली दयारामचा फोटो. ओटीवर ताठ बसलेला, दोन्ही हात पट्ट्यावर. फोटोखाली लिहिलं होतं, ‘निरोगी पोटाचे धनी.’

झालं! दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला निघालेली नवीन पनवेलच्या कॉलनीतली मंडळी बुटांसकट सुकापुरात शिरली. कुणी डबा आणला, कुणी बरणी. “ओरिजिनल शिळा भात कुठे मिळेल?” असं विचारत बायका दारोदार हिंडायला लागल्या. गुणाबाईच्या घरी उभ्या जन्मात भात उरला नव्हता. ती आता संध्याकाळी मोठं पातेलं चढवायची आणि सकाळपर्यंत तो भात शिळा व्हायची वाट बघायची. लोक तर आगाऊ सांगून ठेवायचे, “मावशी, उद्यासाठी दोन वाट्या. जरा जास्त आंबट.” काशीरामच्या बायकोनं शेजारीच दुसरं पातेलं मांडलं, तेव्हा गुणाबाई तिच्याशी बोलायची बंद झाली.

आणि ही मंडळी भात घेऊन परत जाताना दयारामच्या ओटीसमोर थांबायची. “ते बघा, पेपरातले काका!” काका खातात कसे ते त्यांना बघायचं असायचं. शांतीला लाज राखणं भाग होतं. तीही रोज सकाळी वाडगाभर शिळा भात आणून नवऱ्यापुढं ठेवायला लागली.

“अगो, मला नको,” दयाराम हळूच म्हणायचा.

“लोकं बघतात. गुमान खा.”

बेंबीच्या वरची कळ आता पाठीपर्यंत जायला लागली होती. त्याच्या तोंडाची चव गेली, झोप गेली. समोरच्या लिफ्टचा घुंई आवाज आला की पोट पिळवटायचं आणि पोट पिळवटलं की मन आणखी कुढायचं. कोमल म्हणाली होती ते मुळात खोटं नव्हतंच. पण खरं असून करायचं काय? आपलं पोट आपलंच वैरी झालंय, आणि त्याची तक्रार सांगायची सोय नाही, या विचारानं एके दुपारी न्हाणीघरात पट्टा सोडताना त्या भल्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्यातच सरांचं आमंत्रण आलं. रविवारी गावच्या समाजमंदिरात कार्यक्रम. सर्वांत ठामपणे ‘कधीच नाही’ असं उत्तर आलेल्या दोघांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार. दयाराम केणी आणि जगन केणी. सत्कारानंतर दोघंही मंचावर, कॅमेऱ्यासमोर शिळा भात खाऊन दाखवणार.

आता मात्र दयारामनं ठरवलं, डॉक्टर गाठायचाच. पनवेलला जायची सोय नव्हती. तिथं जिन्यात पाय ठेवला तरी कुणीतरी भेटतंच. शनिवारी सकाळी तो शांतीला म्हणाला, “मोऱ्याच्या बंदरावर जाऊन येतो. ताजी मासळी आनतो.” उरणची एसटी पकडली, पुढं रिक्षा केली, आणि धक्क्याजवळच्या गल्लीतला एक दवाखाना शोधून काढला. इथं आपल्याला ओळखणारं चिटपाखरूही नाही, या समाधानात तो बाकावर टेकला.

शेजारी एक गृहस्थ तोंडापुढं पेपर धरून बसले होते. पेपर तेच साप्ताहिक. दयारामला आपलाच फोटो आपल्याकडं बघताना दिसला. त्यानं रुमालानं तोंड पुसायचं निमित्त करून मान फिरवली. तेवढ्यात पेपरामागून कण्हल्यासारखा आवाज आला, “आई गं…”

तो आवाज दयाराम झोपेतही ओळखेल.

“जगन?”

पेपर हळूहळू खाली आला. मागं जगन केणी होता, तोंड एवढंसं झालेला, एक हात पोटावर.

“तू इथं काय करतंस?” दोघांनी एकदमच विचारलं.

“मासळी आनाय आलो,” जगन म्हणाला.

“मी पन मासळीच.”

दोघंही काही वेळ समोरच्या भिंतीवरच्या आतड्यांच्या चित्राकडं बघत बसले.

“कवापासून?” शेवटी दयारामनं विचारलं.

“वास्तुशांतीपासून.”

“तुज्या पोटात दुखायला काय झाला रे? बंगला तुजा, लिफ्ट तुजी!”

जगननं पेपराची घडी केली, उलगडली, परत केली. “खरा सांगू? हसू नको. मार्बलवर कोनी बसत नाय रे. येतात, चपला काढतात, घसरतात नि जातात. सांजच्याला सगळी तुज्या ओटीवर. मी वरून बघतो, तुमी टाळ्या देऊन हसता. बायको बोलते, आपला हॉल असताना तिकडं कशाला जायाचा? मग मी लिफ्टनं खाली येतो, परत वर जातो. पोटात असा गोळा उठतो…”

दयाराम त्याच्याकडं बघतच राहिला. इतके दिवस जो घुंई आवाज ऐकून त्याचा जळफळाट होत होता, तो हा होता तर. वर-खाली, वर-खाली, आणि आत एकटा जगन. त्याला एकदम हसू फुटलं. पट्टा असल्यानं ते धड बाहेर पडेना, त्यानं शर्ट वर करून कडी सोडली आणि मग दणदणून हसला. जगन आधी रागावला, मग तोही हसायला लागला. बाकावरचे बाकीचे पेशंट सरकून बसले.

डॉक्टरांनी दोघांना एकदमच आत घेतलं, पोटं दाबून बघितली, काय काय खाता ते विचारलं.

“पित्त वाढलंय. पट्टा फेकून द्या. शिळा भात आणि वाल बंद, वेळेवर जेवा. या गोळ्या घ्या.”

“पन डॉक्टर,” दयारामनं खाली बघत विचारलं, “हे मनामुळं हाय का पोटामुळं?”

“दोन्ही असेल. कुठलं आधी सुरू झालं ते मला नुसतं पोट दाबून कळत नाही. आणि कुणी छातीठोकपणे सांगायला लागला तर त्याच्याकडं जाऊ नका.”

धक्क्यावर एकाच कोळणीकडून दोघांनी मासळी घेतली आणि एकाच एसटीनं परत निघाले. “उद्या काय करायचा?” जगननं विचारलं. ठरलं ते असं, की तोंडाला भात लावल्यासारखं करायचं, शाल घ्यायची, घरी यायचं. कुणी कुणाचं नाव काढायचं नाही. गावाच्या तिठ्यावर ते वेगवेगळ्या रिक्षांतून उतरले.

रविवारी समाजमंदिर खचाखच भरलं. पुढच्या रांगेत चंद्रावती नव्या शालूत, तिच्याशेजारी शांती. कोमल माईकच्या बाजूला फाईल छातीशी धरून उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर काही केल्या हसू येत नव्हतं. सरांचं भाषण रंगलं. आतडी झाली, मेंदू झाला, जंतू झाले.

“आणि मित्रहो, या गावात पोटदुखी नाही, कारण इथं कुणाला कुणाचं काही खुपतच नाही! हे बघा दयारामजी. भावानं समोर महाल बांधला, पण यांच्या पोटाला त्याचा पत्ता नाही!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. दोघांच्या हातांत वाडगे आले. भात गुणाबाईचा, खास दोन रात्रींचा. कॅमेरावाला अगदी जवळ आला. “खा, खा, पूर्ण घास घ्या, जगनशेट,” तो म्हणाला. तोंडाला लावल्यासारखं करायला जागाच राहिली नाही.

जगननं घास उचलला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. दयारामला ते बघवेना. शेतावर लहानपणी एकदा जगननं कच्ची करवंदं खाऊन असाच पांढराफटक चेहरा केला होता, आणि दयारामनं त्याला पाठुंगळी घालून घरी आणलं होतं. आता गप्प बसलं तर आपली अब्रू वाचते, आणि बोललं तर उद्या उलवे गाजतं. त्यानं एकदा चंद्रावतीकडं बघितलं आणि एकदा त्या घासाकडं.

“थांब जगन. खाऊ नको,” तो म्हणाला आणि त्यानं माईक ओढून घेतला. “माज्या पोटात दुखतंय.”

कॅमेरावाल्यानं कॅमेरा जगनवरून दयारामकडं वळवला.

“वास्तुशांतीच्या दुसऱ्या दिवसापासून दुखतंय. कंबर माजी ठणठणीत हाय, शांते. याच्या लिफ्टमुळं दुखतंय. मी या सर्वेवाल्या पोरीशी खोटा बोललो. आता काय बोलायचा ते बोला.”

चंद्रावतीच्या तोंडावर विजयाचं हसू उमटायला लागलं, तेवढ्यात जगन वाडगा ठेवून उभा राहिला. “माज्या पन दुखतंय. याच्या ओटीमुळं.” ते हसू अर्ध्यावरच राहिलं.

मग मागून गुणाबाईचा हात वर झाला. “माज्या पन! काशीरामच्या बायकोचा भात जास्त खपतो.” काशीराम उठला, “माज्या तर पयल्यापासून दुखतं, पन ही बया गावभर सांगत सुटली म्हनून बोललो नाय!” वेणूआजीनं काठी वर केली. बघता बघता सगळं समाजमंदिर हात वर करून उभं राहिलं, आणि आपलं दुखणं शेजाऱ्यापेक्षा मोठं आहे हे एकमेकांना पटवायला लागलं. हात खाली होता फक्त एका माणसाचा. कोपऱ्यात बळीराम म्हात्रे मांडीवर हात ठेवून मंद हसत बसला होता. त्या गडबडीत त्याच्याकडं कुणाचं लक्ष गेलं नाही.

सर क्षणभर गांगरले. मग त्यांचा चेहरा पुन्हा उजळला. “अद्भुत!” ते माईकमध्ये ओरडले. “म्हणजे शिळा भात बाधला!”

पुढच्या अंकात तसंच छापून आलं, ‘शिळ्या भातामुळे सुकापुरात पोटदुखीची साथ.’ कॉलनीतली मंडळी उरलेला भात परत करायला आली. दोन दिवसांनी सरकारी माणसं येऊन विहिरीत औषध टाकून गेली. पाण्याला महिनाभर वास येत होता.

कोमलनं मात्र ते सगळे कागद बाजूला ठेवले. तिनं सरांना सांगून टाकलं, “सर, माझा प्रश्नच चुकला होता. मी परत जाणार, मार्क गेले तरी चालतील.” आणि एका संध्याकाळी ती पुन्हा दयारामच्या ओटीच्या पायरीवर उभी राहिली. या वेळी तिनं पोटाचं चित्रच काढून आणलं होतं.

ओटी भरलेली होती. दयाराम बिनपट्ट्याचा ऐसपैस बसला होता, आणि त्याच्या शेजारी पाय पसरून जगन. समोरच्या बंगल्याची लिफ्ट कितीतरी दिवसांत हलली नव्हती. चंद्रावतीसुद्धा शांतीबरोबर सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती.

“काका, आता शब्दांचा घोळ नको. या चित्रात बोट ठेवून सांगा. इथं कळ येते? जळजळ होते?”

दयारामनं चित्र निरखून बघितलं, आपलं पोट चाचपलं. “आता नाय. देवाची शपथ, खराच नाय.”

“माज्या पन नाय,” जगन म्हणाला. “लिही बिनधास्त.”

कोमलचा चेहरा खुलला. ती खूण करणार, एवढ्यात आळीच्या टोकाला घरघर झाली आणि एक पिवळा जेसीबी वळून बळीरामच्या मोकळ्या जागेत शिरला. मागोमाग गुणाबाई धापा टाकत आली.

“कळला का? बळीराम बांधतोय! पाच मजली! आनि गच्चीवर काय माहितेय? पोहायचा तलाव!”

कोमलनं पेन हातात धरून ठेवलं. दयारामचा हात नकळत पोटावर गेला. त्यानं बाजूला बघितलं, तर जगनचाही हात तिथंच होता. दोघांची नजरानजर झाली.

“शांते,” दयारामनं हाक मारली, “जरा ओवा आन गो.” आणि जगनकडं बघत पुढं म्हणाला, “दोगांचा आन.”